गुरुजींचा खुरांचा हत्ती

सहदेव गुरुजींच्या निवृत्तीला चार दिवस उरले आणि संग्रामपूरजवळच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत नेमका तेव्हाच डिजिटल फळा आला. अनुपमा मॅडमनी नुसतं बोट लावलं की त्यात जंगल उगवायचं, वाघ डरकाळी फोडायचा. पहिलीची पोरं डोळे विस्फारून बसायची. गुरुजी दाराशी उभे राहून बघायचे. हेवा वाटत होता, खोटं कशाला बोला!

नोकरीला लागले तेव्हा या शाळेत खडूचीही मारामार होती. गुरुजींनी खोक्यांचे पुठ्ठे जमवले, हळद, कुंकू आणि कपड्यांची नीळ कालवली आणि प्राणी रंगवले. चित्र पाठीमागे लपवून ते आधी आवाज काढत, पोरं ओरडून नाव सांगत, मगच पुठ्ठा समोर येई. काय दिवस होते ते! हत्तीला तर टाळ्या पडत. अख्खं गाव त्या पुठ्ठ्यावरूनच हत्ती काढायला शिकलं.

आज मॅडमनी फळ्यावर हत्ती आणला. तो कान हलवत पुढे आला, तशी ज्ञानेश्वरची वैष्णवी ताडकन उभी राहिली.

"मॅडम, हा हत्ती चुकला! त्याले खुरं नाहीत. माह्या बाबाच्या हत्तीले बैलावानी खुरं असतात. बाबाले गुर्जीनं शिकवलं."

सगळा वर्ग दाराकडे वळला. गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. सोंड आणि कान त्यांनी गणपती पाहून काढले होते. पण गणपतीचे पाय पडले माणसाचे. पुस्तकातला हत्ती गुडघाभर गवतात उभा. अडलेल्या गुरुजींनी मग पोळ्याच्या बैलाचे पाय जोडून दिले. पुढे टीव्हीवर हत्ती दिसले म्हणा, पण पायांकडे कोण बघतं?

मॅडम सावरायला धावल्या. "अगं, हत्तींचेही प्रकार असतात..."

गुरुजींनी नुसती मान डोलावली असती तर तेहतीस वर्षांची अब्रू झाकली गेली असती. पोर मात्र तोच चुकीचा हत्ती घेऊन दुसरीत गेली असती.

"नाही बेटा," ते म्हणाले, "फळ्यावरचा हत्ती बरोबर हाय. तुह्या बाबाले मीच चुकीचा शिकवला."

वैष्णवी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मंग तुमाले कोणं शिकवला होता?"

"कोणीच नाही. मी हत्ती पाह्यलाच नव्हता तवा."

पोरीला फार वाईट वाटलं. तिनं शेजारच्या दोघांना ढकलून सतरंजीवर जागा केली. "मंग बसा ना इथं. मॅडम, गुर्जीसाठी पहिल्यापासून लावा."

मॅडमनी हत्ती पुन्हा आणला, दोन बोटांनी त्याचा पाय फळाभर मोठा केला. गुरुजी मांडी घालून बसले आणि पहिलीच्या पोरांबरोबर मोठ्यानं नखं मोजू लागले.