गढूळच राहिलेली नळी

"डोळे मिटायचे नाहीत, भावोजी. वर छताकडे बघा," असं म्हणत बारकीने त्यांची खालची पापणी ओढली आणि बोटभर कागदी पट्टीचं टोक आत अडकवलं.

"अगं, इतक्या वर्षांच्या संसारात तुझ्या बहिणीने रडवलं नाही तेवढं तू रडवतेयस!" भावोजी कळवळले. पट्टी मात्र झरझर ओली होत गेली.

बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी नाव काही बदललं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती जिवाणू वाढवायची. लोक ज्यांना घराबाहेर हाकलतात त्यांना ही जेवू घालायची. येत्या प्रदर्शनात डोळ्यातलं पाणी काय करतं ते लोकांना दाखवायचं होतं. त्याची रंगीत तालीम म्हणून सुट्टीच्या दिवशी तिने भावोजींना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. ताई त्यांच्यासोबत आली, एवढंच.

आई गेल्यापासून दोघी बहिणींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. त्या दिवशी सगळं घर धाय मोकलून रडत होतं, आणि आईचं आजारपण जिने एकटीने काढलं ती ताई कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला पाणी देत फिरत होती. बारकीला ते बघवलं नाही. "तुला काळीज आहे की दगड?" चारचौघांत ती बोलून गेली. ताई तांब्या घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. बोललेलं काही परत घेता येत नाही, आणि बारकीला तेव्हा घ्यायचंही नव्हतं.

"आता तू," बारकी म्हणाली.

ताईने निमूट डोळा पुढे केला, पण पट्टी लावल्या लावल्या काढूनही टाकली. "बोचतंय गं फार."

बारकीने स्वतःची पट्टी लावून घेतली. मग तिन्ही पट्ट्या थेंबथेंब मिठाच्या पाण्यात बुडवून ते पाणी तीन काचेच्या नळ्यांत सोडलं. नळ्यांत आधीपासूनच पातळ ताकासारखं पांढुरकं पाणी होतं. मागे धरलेल्या वर्तमानपत्रातलं अक्षर दिसत नव्हतं.

"हा पांढरेपणा म्हणजे जिवाणू. कोट्यवधी. निरुपद्रवी आहेत, घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" म्हणत भावोजी दोन पावलं मागे सरकले.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पहिल्या नळीमागे एक काळी रेघ उमटली. रेघेची अक्षरं झाली. बघता बघता पाणी असं नितळलं की बारीक टाइपातली जाहिरातसुद्धा वाचता यावी. पाठोपाठ दुसरी नळीही उजळली.

"अगं बाई!" ताई पुढे झुकली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा आला होता. "गेले कुठे सगळे?"

"फुटले. प्रत्येकाभोवती एक भिंत असते, साखरेच्या साखळ्यांची विणलेली. आपल्या डोळ्यात लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते त्या विणीतले टाकेच कापतं. भिंत विरली की बाहेरचं पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो."

"आणि हे सारखं चालू असतं? आपण झोपलो तरी?"

"झोपलो तरी. थुंकीत असतं, नाकात असतं. आईच्या दुधातसुद्धा."

ताईने पदराने हात पुसले आणि नळीला बोट लावलं, पण अगदी हलकेच. "कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही," ती पुटपुटली. "आणि आपण मेलं डोळे पुसून मोकळे होतो."

इतक्या वर्षांत हजारदा पाहिलेली गोष्ट, पण ताईकडे बघताना बारकीच्याही अंगावर काटा आला.

तिसरी, ताईची नळी मात्र ढिम्म होती. पांढरी ती पांढरीच.

"माझाच हात चुकला," बारकी म्हणाली. तिच्या कामात पहिला संशय स्वतःच्या हातावर घ्यायची रीत होती. "तुझी पट्टी घातलीच नाही बहुतेक. परत घेऊ. या वेळी काढू नकोस हं."

ताईने दात आवळून पट्टी ठेवली. बारकी घड्याळ बघत राहिली. वेळ संपला. तिने पट्टी काढली, उजेडात धरली, बोटांनी चाचपली. कागद पाकिटातून काढावा तसा कोरडा होता.

"ताई, तू शेवटची कधी रडलीस?"

भावोजींनी घसा खाकरला. ताईचा चेहरा पडला. "पुन्हा तेच का गं? किती दिवस ऐकवणार आहेस?"

"टोमणा नाही ताई. तुझी शपथ."

"आठवत नाही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, तेवढंच. कांदा चिरला तरी काही नाही."

"हल्ली घासागणिक पाणी लागतं हिला," भावोजी म्हणाले. "आणि डोळे तर वरचेवर येतात."

बारकी स्टुलावर बसली. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्याच जाऊ, ते नीट सांगतील. पण ताई, तुझ्या डोळ्यांतल्या-तोंडातल्या पाण्याच्या ग्रंथीच आटल्यात असं वाटतंय. आत पाणीच नाही, तर येणार कुठून?"

ताईने ती कोरडी पट्टी हातात घेऊन पाहिली.

"मला वाटायचं, तू म्हणालीस तेच खरं," ती म्हणाली. "जन्मदात्री आईसाठी डोळ्यात टिपूस येत नाही, म्हणजे आपली मायाच खोटी. रोज वाटायचं." तिने मान वर केली. "म्हणजे त्या दिवशी मी रडत होते?"

"हो ताई. रडत होतीस."

ताई भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले, आवाज नाही, काही नाही. आई गेली त्या दिवशीही स्वयंपाकघराच्या दारात पाठमोऱ्या ताईचे खांदे असेच हलले होते, आणि बारकीला वाटलं होतं, ती खोकला दाबतेय.

बारकीने उठून तिला मागून मिठी मारली.

"रड," ती म्हणाली. "मला दिसतंय."