उस्तादांची टाच आणि मी

“बाबा, तुम्ही जमिनीवर असे बदकासारखे का चालता?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज लेकीशी तिच्या दोन मैत्रिणींनी लावली होती. तिनेही बाबांच्या बुडी मारायच्या सामानाच्या दुकानात, नव्या गिऱ्हाइकांसमोर तो विचारला. सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, समुद्राची सवय झाली की जमीन बोचते.

थाप, मित्रांनो, शुद्ध थाप. मी एक जुना मोजा आहे, आणि पायांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

साधासुधा सुती मोजा समजू नका हं. मी पाण्याखाली जाणारा मोजा. बारीक बुडबुडे भरलेलं रबर आणि त्यावर मऊ कापड, असं माझं अंग. माझी शिवण चपटी, बोचू नये म्हणून मुद्दाम तशी केलेली. पाण्यात पायाची कातडी भिजून लिबलिबीत होते आणि पायात चढवलेला फिन, म्हणजे पोहायचा तो रबरी पंख, मात्र कडकच राहतो. त्या दोघांची गाठ पडली की फोड ठरलेला. त्यांच्यामध्ये पडून मार खाणारा तो मी.

मला पहिल्यांदा घातलं ते तिच्या आईने. काय थाट होता माझा! प्रत्येक बुडीनंतर ती मला उलटा करून वाळू झटकायची, गोड्या पाण्यातून काढायची, सावलीत वाळत घालायची. फिन घेतानाही आम्हाला घालूनच तिने माप घेतलं होतं. तिच्या पायाला कधी साधा लाल डागही पडला नाही. मग दुकान वाढलं, गल्ल्यावर बसायला माणूस हवं झालं, आणि ते माणूस अर्थातच आई झाली. आमची जोडी खिडकीतल्या खिळ्यावर गेली. भर उन्हात. वर्षानुवर्षं. कौतुक कुठे विरलं ते कळलंही नाही. मी पापडासारखा कडक होत गेलो.

दुकानात चालायचं ते बाबांचं. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. कधीकाळी एका गिऱ्हाइकाचा फिन समुद्रात गेला, तेव्हापासून प्रत्येकाच्या फिनचा टाचेमागचा पट्टा उस्ताद स्वतः ओढतात, अगदी दात आवळून. कुणी कळवळलं तर म्हणतात, टाच पुन्हा भरून येते, फिन परत येत नाही. लोकांना तो विनोद वाटतो. मोजे घालणाऱ्यांना ते तान्ही बाळं म्हणतात. ते स्वतः आयुष्यभर अनवाणी फिन घालत आले.

यंदा त्यांच्या लेकीची बुडी मारण्याची परीक्षा होती. पास झाली तर शाळेच्या तुकडीबरोबर बेटापाशी बुडालेलं जहाज बघायला जाणार होती. वर्षभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पण सरावातच टाचेवर फोड आला. तिने आम्हाला खिळ्यावरून काढलं. आईने पाहिलं, “त्यावर फिन मोठा घे,” असं काहीतरी पुटपुटली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मोठा फिन कोण देणार? उस्ताद म्हणाले, तुझं माप मला पाठ आहे. पाठ होतं, पण अनवाणी पायाचं. परीक्षेच्या दिवशी त्या तेवढ्याशा फिनमध्ये त्यांनी आम्हाला कोंबलं आणि वर पट्टा आणखी एक खाच ओढला. माझी टाचेपाशी घडी पडली. आत कधीची तरी वाळू होतीच.

“दुखतंय का?” त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. “दुखत असेल तर बस वर.”

ती नाही म्हणाली. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मित्रांनो, टाच वाचवायला माझा जन्म झाला, आणि मीच तिची टाच सोलली. एकेका लाथेसरशी मी तिच्या मांसात रुतत होतो, आणि मोज्याला मागे सरता येत नाही. अर्ध्यातूनच ती वर आली. परीक्षा घ्यायला पलीकडच्या धक्क्यावर बुडी शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी फिन उतरवला, मला सोलून काढलं, आणि माझ्यातून लाल पाणी गळलं.

“हा पट्टा कुणी ओढला?” बाईंनी विचारलं.

“मोजे जुने आहेत तिचे,” उस्ताद म्हणाले.

झालं. गुन्हेगार सापडला. मला बादलीत फेकलं. जखम चिघळली, डॉक्टरांनी पाण्यात पाय घालायला बंदी केली. मैत्रिणी जहाज बघून आल्या, ती खिडकीतून बोट बघत बसली.

माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या मोज्याला तरी सावलीत वाळवा, उलटा करून झटका. फिनचं माप मोजा घालूनच घ्या. आणि टोचलं तर गुडघाभर पाण्यातच बोला, समोर उस्ताद असो की बाप. तोंड मिटून सोसण्याला शौर्य म्हणतात ते दुसऱ्याची टाच सोसत असते म्हणून.

आईने मला बादलीतून काढून स्वयंपाकघरात दोरीवर टाकलं होतं, म्हणून शेवटचं तेवढं माझ्यासमोर घडलं. संध्याकाळी बाबांनी चपला काढल्या आणि आई नेहमीसारखी मलम घेऊन बसली. लेक लंगडत आत आली. बाबांनी पाय ओढून घेतला, पण तिने पाहिलंच. टाच कसली, चिरलेली ओली जखम, लेकीच्या जखमेपेक्षा कितीतरी जुनी.

ती हसली नाही. बदकाच्या चालीचं खरं उत्तर मिळाल्याचंही बोलली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. पाय बरा झाला की मी पलीकडे बाईंकडे शिकायला जाणार. त्या आधी पाय बघतात, मग फिन देतात. हे जुने मोजे मी नेणार नाही, ते आता कुणाच्याच कामाचे नाहीत. आणि बाबा, तुम्हाला मला बघायला यायचं असेल तर जरूर या. पट्ट्याला मात्र हात लावायचा नाही.”