भाचीबाईंची म्होरकी

मी एक जुनी म्होरकी आहे, मित्रांनो. घोड्याच्या तोंडावर बसवतात ती, चामड्याची. एका करड्या घोडीच्या मापाने मला शिवले होते. तिचा धनी गाडीवान होता. त्याची बहीण घोडीला लाडाने 'भाची' म्हणे, म्हणून सगळेच तिला भाची म्हणू लागले.

बहिणीच्या सासरी पिठाची गिरणी होती. दर आठवड्याला ती गव्हाच्या कोंड्याचे पोते घेऊन येई. "दादा, भाचीला खाऊ आणलाय. तू हात मारू नकोस हं!" असे म्हणून हसे. भाची कोंड्याची पाटी चाटूनपुसून साफ करी.

दोन वर्षांनी भाची लंगडू लागली. आज पुढचा पाय, उद्या मागचा. नालबंदाने नाल बदलले, खूर तपासले आणि "मला तर काही सापडत नाही बुवा" म्हणून तो निघून गेला. मला मात्र कळत होते. माझा नाकावरचा पट्टा तिला काचू लागला होता. दोन्ही बाजूंचे हाड फुगत होते. पण मी ओरडणार कशी? गाडीवानाने दाभणाने मला नवे भोक पाडले. "कोंडा अंगी लागला," तो कौतुकाने म्हणाला. महिन्याभराने आणखी एक भोक. मी नुसती सैल होत गेले.

पुढे भाची चारा अर्धवट चावून टाकू लागली, तेव्हा कुठे जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला उतरवले, गालाच्या हाडावर बोटांनी टकटक केली, दात हलवून पाहिले, रक्त नेले. दोन दिवसांनी त्या रिपोर्ट घेऊन आल्या, तेव्हा बहीणही तिथेच होती.

"रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी असतात गळ्यात," बाई म्हणाल्या. "कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं. मग कमी पडलेलं कॅल्शियम त्या ग्रंथी हाडांतून ओढून घेतात. हिचं तोंडाचं हाड भुसभुशीत झालंय."

"म्हणजे मीच तिला..." बहिणीने आणलेले पोते मागे ओढले.

"मायेनंच दिलंत, ताई."

कोंडा बंद झाला. कॅल्शियमसाठी चुनखडीची पूड आणि लसूणघासाचा हिरवा चारा सुरू झाला. काही महिन्यांत लंगडणे थांबले, पण चेहऱ्याचा फुगवटा ओसरला नाही. नाकाच्या आतली वाट अरुंद झाली होती. चार पावले चालली तरी तिचा श्वास घरघरे.

"ऑपरेशन करून?" गाडीवानाने विचारले.

"नाही हो दादा. ते हाड आता पूर्वीसारखं होणार नाही."

त्याने गाडी दुसऱ्याला देऊन टाकली. भाचीला दोरीची मोठी म्होरकी आली आणि मी खुंटीवर गेले. मला तेल लावायचे आता कुणाच्या ध्यानात नसते. चामडे तडकले आहे. त्याचे मला काही वाटत नाही. इथून तिचा श्वास ऐकू येतो, तो ऐकवत नाही.

मित्रांनो, जनावर पाळाल तर त्याच्या तोंडावरून रोज हात फिरवा. हाताला काही वेगळे लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. लाडाने काय भरवता, तेही त्यांना विचारा. जनावर नको म्हणत नाही. तुम्ही पुढे ठेवाल ते, ते विश्वासाने खाते.