उजवीकडचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी जोडहोडी आहे, आणि माझ्यावर भूत आहे असं जे धक्क्यावर सांगतात त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं त्यांनी पदरचं घातलंय. मी म्हणे आपोआप दोर सोडून निघते, माझ्या केबिनमध्ये म्हणे एक बाई रडते. मला केबिनच नाही, तर बाई रडणार कुठे?

जोडहोडी म्हणजे काय ते आधी सांगते. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आडव्या तुळया टाकून एकमेकींना पक्क्या बांधायच्या, तुळयांवर फळ्या ठोकायच्या आणि मधोमध डोलकाठी उभी करायची. पुढच्या मोकळ्या जागेत जाळी ताणायची. शिकलेले लोक मला कॅटमरान म्हणतात. म्हणोत बापडे. दोन्ही होड्यांत एकेक माणूस ऐसपैस बसेल अशी खोलगट जागा आहे. डावीकडे सुकाणू. उजवीकडच्याने पुढे नजर ठेवायची, खडक आहे का, कुणाचं जाळं पसरलंय का. मध्ये शीड चढवलं की डावीकडच्याला उजवीकडचा दिसत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मला एका सुताराने बांधलं. खुर्च्या, कपाटं, पलंग करणारा माणूस. होडी त्याने आयुष्यात बांधली नव्हती, आणि ते मला पाहिलं की कळतं. माझ्या कडा टेबलाच्या कडांसारख्या गोल घासलेल्या आहेत आणि उजवीकडे चक्क एक खण आहे, कपाटाला असतो तसा. लोक पोट धरून हसले. पाण्यात सोडल्यावर मी झक्कास तरंगले, तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली. सुताराला दोन मुलं. थोरल्या मुलीला अख्खा धक्का ताई म्हणायचा. धाकट्याचं नाव पेंगू पडलं होतं, कारण तो कुठेही झोपायचा. जेवताना झोपायचा, बोलताना झोपायचा, एकदा तर शिडाची दोरी हातात धरून उभ्या उभ्या डुलक्या घेत होता.

लाकडाची नजर अधू असते. मला नीट कळतं ते वजन. कोण चढलं, कुठे टेकलं, कोण रुसून पाय आपटतंय, कोण आजारातून उठलंय, हे मला बरोबर समजतं. ताईचं वजन डावीकडे, ताठ, एका जागी. पेंगूचं उजवीकडे, झोप आली की हळूहळू सरकत कडेवर रेलणारं. त्याचं ते रेलणं मला फार आवडायचं.

तो झोपू नये म्हणून ताईने एक रीत पाडली होती. थोड्या थोड्या वेळाने ती सुकाणूवरून हाक मारायची, "पेंगू, आहेस का रे?" आणि शिडापलीकडून उत्तर यायचं, "आहे गं." कधी जांभईत बुडालेलं, कधी वैतागलेलं, पण यायचं. सुतार गेला, ताईचे केस पिकायला लागले, तरी ही रीत चुकली नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही खूप हिंडलो. ही होडी गप्पा मारत चालते, असं लोक कौतुकाने म्हणायचे, आणि मला धन्य वाटायचं.

एका सकाळी धुकं उतरलं. वारा अगदी पडलेला, पाणी गुळगुळीत. ताईने हाक मारली, उत्तर आलं. काही वेळाने पुन्हा मारली, उत्तर आलं नाही. त्याआधीच माझी उजवी बाजू हलकी होऊन वर आली होती. झोपेत सरकत सरकत तो कडेवरून गेला होता, न ओरडता. मला कळलं होतं आणि ताईला कळलं नव्हतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. मित्रांनो, त्या थोड्या वेळाइतकं वाईट मला कधी वाटलं नाही. ताईने मला वळवलं, हाका मारून मारून तिचा घसा बसला. धक्क्यावरच्या सगळ्या होड्या शोधायला आल्या. पेंगू सापडला नाही.

त्यानंतर मी बरेच दिवस बांधलेलीच होते. मग एकदा ताई एकटीच आली, शीड चढवलं आणि मला खाडीच्या तोंडापर्यंत घेऊन गेली. जुन्या सवयीने तिने हाक मारली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. शिडापलीकडून उत्तर आलं, "आहे गं." जांभईसकट. आणि माझी उजवी बाजू अलगद खाली बसली, रेलली, नेहमीसारखी.

मी लाकूड आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. ताई मात्र रडत रडत हसली. त्या दिवसापासून ती रोज मला घेऊन निघायची. माणसांशी बोलणं तिने हळूहळू सोडलं. शेजारणीने विचारलं कशी आहेस, तर ही मान हलवून पुढे. माझा रंग उडाला, डावीकडची फळी कुजली, तिला पत्ता नाही. उजवी बाजू तेवढी ती पुसून लख्ख ठेवायची. धक्क्यावरच्या लोकांना दिसायचं, की आत कुणी नसताना ही होडी उजवीकडे झुकलेली असते. पाणी शिरलं असेल म्हणून दोघांनी उतरून पाहिलं. खण कोरडा, तळ कोरडा. ते पुन्हा माझ्याजवळ आले नाहीत.

मग फर्मान निघालं, की हा धक्का बुजवणार. होड्या हलवा, राहिलेल्या फोडल्या जातील. ताईचं तोंड उतरलं. मी फुटले तर भावाचा आवाजही जाणार, एवढंच तिच्या डोक्यात. दुसऱ्या बंदरात जागा मिळाली, पण ते किनाऱ्याने कित्येक दिवस लांब. ताईचा खांदा नुकताच दुखावलेला, एकटीला शीड ओढवेना. तिने दोरखंडाच्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला: होडी पोचवायला हौशी माणसं हवीत, पगार नाही, जेवण मिळेल, पोहता आलं पाहिजे.

पहिला आला तो व्यायामशाळेतला शिक्षक. दंड असे, की माझी तुळई त्यांच्यापुढे काडी वाटावी. ताईने त्याला उजवीकडे बसवलं, रीत सांगितली आणि खाडीत एक फेरी मारायला निघाली. तिने हाक मारली, तो म्हणाला, "आहे." मग ताई जरा थांबली. ती नेहमीच थांबायची, एका श्वासाइतकं. त्या थांबण्यात त्या गड्याच्या कानामागे कुणीतरी म्हणालं, "आहे गं." तो जो उठून फळ्यांवर बसला, तो परत काही उजवीकडे गेला नाही. धक्का हाताशी यायच्या आत त्याने उडी मारली. नंतर दोन मैत्रिणी आल्या. त्यातली एक उजवीकडे बसून दुसरीला सारखी म्हणत होती, की जरा सरक, अंगावर काय रेलतेस. दुसरी तेव्हा पुढे जाळीवर होती. त्यानंतर कागद वाचायलाही कुणी थांबेना.

धक्का बुजवायला मातीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा एक म्हातारा आणि त्याची सून आली. म्हातारा बसचा कंडक्टर होता, निवृत्त झालेला, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सून पडदे शिवायची. तिने आल्याआल्या माझं फाटलेलं शीड हातात घेऊन नाक मुरडलं आणि कुणाला न विचारता शिवायला बसली. झपाटलेली होडी वगैरे त्यांच्या कानावर आलं होतं. कंडक्टर म्हणाला, की माझ्या बसमध्ये याहून वाईट माणसं चढली आहेत.

आम्ही निघालो. पहिल्या दिवशी सून उजवीकडे होती. दुपारी ती हळूच फळ्यांवर आली.

"बाबा," ती सासऱ्याला म्हणाली, "तिथे कुणीतरी घोरतंय."

कंडक्टरने जागा बदलली. तो उजवीकडे उतरला, बसला आणि मग, मित्रांनो, त्याने एक गोष्ट केली जी आजवर कुणी केली नव्हती. तो थोडा सरकून बसला. दोघांच्या बाकावर आधीच एक झोपलेला उतारू असावा, तसा. माझ्या उजव्या बाजूला दोन वजनं शेजारी शेजारी टेकली. संध्याकाळी आम्ही एका खाडीत नांगर टाकला, तेव्हा चहाचा पेला हातात घेऊन त्याने ताईला सरळ विचारलं, उजवीकडे झोपतो तो कोण आहे. ताईने सांगितलं. इतक्या वर्षांत तिने कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं.

ऐकून घेतल्यावर कंडक्टर म्हणाला, "ताई, झोपलेल्या उतारूला डेपोत न्यायचं नसतं. त्याला हलवून सांगायचं, की थांबा आला. बिचाऱ्याला कळत नसतं हो."

ताई ताडकन उठली. "माझ्या होडीत कोण बसेल ते मी ठरवीन," म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. सून सासऱ्यावर डोळे वटारत राहिली. पुढचे दिवस ताई त्या दोघांशी कामापुरतं बोलली. हाक मात्र मारत होती. त्या दोघांची नावं घाईघाईने, तोंडी लावायला, आणि मग ती, श्वास रोखून, "पेंगू, आहेस का रे?" "आहे गं." हे ऐकलं की तिचा चेहरा उजळायचा.

नवं बंदर जवळ आलं त्या सकाळी पुन्हा धुकं उतरलं. तसंच, पांढरं, ओलं. कंडक्टर डोलकाठीजवळ दोरी धरून, सून पुढे जाळीवर पालथी पडून पाणी निरखत होती. उजवीकडे कुणीच जिवंत नव्हतं. वाटेत खडक आहेत हे ताईला ठाऊक होतं. तिने भावाला हाक मारली, उत्तर आलं, आणि सवयीने तिला वाटलं की उजवीकडचा जागा आहे म्हणजे वाट मोकळी आहे. सून खडक म्हणून ओरडली, तेव्हा ताईचा कान त्या दुसऱ्या आवाजाकडे होता. माझी उजवी बाजू खडकावर करकरत घासली. जाळीची दोरी तुटली. सुनेचं वजन माझ्यावरून नाहीसं झालं.

पुन्हा तेच. मला कळलंय आणि ताईला कळलेलं नाही. पण या खेपेला कंडक्टर होता. त्याने सुनेच्या नावाने असा टाहो फोडला, की ताईचं लक्ष त्या दुसऱ्या आवाजावरून उडालं. तिने शीड सोडून दिलं आणि जीव तोडून हाक मारली, "सूनबाई, आहेस का गं?"

एक श्वास गेला. त्या श्वासात उजवीकडून जांभई देत कुणीतरी म्हणालं, "आहे गं."

"तू नाही रे," ताई म्हणाली. "तिला विचारतेय."

मग खालून, पाण्यातून, खोकत खोकत उत्तर आलं. सून तुटलेल्या जाळीला लोंबकळत होती. दोघांनी मिळून तिला वर ओढलं. ताईने दुखऱ्या खांद्याचा विचारही केला नाही. तिने सुनेला आपल्या शालीत गुंडाळलं आणि बंदर येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

बंदरात दोर बांधून झाले, उतरायला फळी टाकली. कंडक्टर आणि सून आपलं सामान घेऊन उतरले आणि धक्क्यावर लांब जाऊन उभे राहिले. ताई माझ्या उजवीकडे आली. पेंगू गेल्यापासून ती पुसायला तेवढी वाकायची, बसत नसे. आता ती त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ बसली.

"पेंगू," ती म्हणाली, "ऊठ रे बाळा. आपण पोचलो. घरी जा आता."

आधी काहीच झालं नाही. मग माझ्या कडेवरचं ते रेललेलं वजन सरळ झालं. झोपेतून उठवलेला माणूस जसा जरा वेळ बसून राहतो, तसं ते बसलं. मग उठलं, मधल्या फळ्यांवरून गेलं, डोलकाठीपाशी अडखळलं, कारण तो तिथे नेहमीच अडखळायचा. उतरायची फळी वाकली. पुन्हा सरळ झाली. माझी उजवी बाजू पाण्यातून वर आली आणि मी कितीतरी वर्षांनी समतोल उभी राहिले. मला ते मुळीच आवडलं नाही, हे खरं सांगते.

ताईने लगेच हाक मारली. राहवलं नाही तिला. "पेंगू, आहेस का रे?"

धुक्यात कुणीही बोललं नाही. ती तशीच बसून राहिली, खण उघडत, मिटत. मग धक्क्यावरून, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला.

"ताई, आहात का?"

ताईने डोळे पुसले. "आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी याच बंदरात असते. कुजलेली फळी बदलली आहे, मला निळा रंग दिलाय, आणि सून दर हंगामात शीड तपासायला येते, तेव्हा ताई तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आपल्या माणसांना अधूनमधून हाक मारत जा. पलीकडे बसलेला गप्प आहे म्हणजे ठीकच आहे, असं धरून चालू नका. उत्तर येईपर्यंत थांबा, आणि ते कुणाचं आहे तेही नीट ऐका.

इकडे आलात तर मला भेटा. उजवीकडे या, बसा, रेला, मला बरं वाटेल. पण कधी आत कुणी नसताना मी उजवीकडे झुकलेली दिसले, तर कृपा करून ताईला सांगू नका. तिने फार कष्टाने उतरवलंय त्याला.