पांढऱ्या हेल्मेटचा होकार

मी एक जुनं पांढरं हेल्मेट आहे. जुनं म्हणजे अगदी पणजोबा नाही हं, पण वाळवंटातलं ऊन तुमच्यापेक्षा जास्तच सोसलंय मी! माझा जन्म शारजातल्या एका कारखान्यात झाला. माझी पिवळी भावंडं कामगारांकडे गेली आणि मी पांढरं म्हणून थेट प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोक्यावर. कित्ती मिरवलं मी तेव्हा!

माझ्या मॅडम सुचित्रा. मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या हातात ना थापी, ना पाना. मग काम काय? तर सगळ्यांची कामं एकमेकांत अडकू न देणं. आधी पाइप, मग ते झाकणारं छत, मग रंग. कोण कुणासाठी खोळंबलंय, कुठला माल बंदरात अडकलाय, सगळं त्यांच्या डोक्यात, म्हणजे माझ्या खालीच. रंगाऱ्याशी हिंदी, मालकांशी इंग्रजी आणि एसीवाल्या हारुनभाईंशी चक्क मराठी! हारुनभाई रत्नागिरीचे. नुकतंच त्यांनी बायकोमुलांना गावाहून इकडे दुबईत, अल नहदाला आणलं होतं.

दुबईच्या देरा भागात आम्ही मालकीण एमानबाईंची बालवाडी उभी करत होतो. उद्घाटन तोंडावर आलं, तेव्हा त्या काम बघायला आल्या. हारुनभाई मॅडमना मराठीत म्हणाले, "ताई, पाइपाची टेस्ट नाय झालीय अजून. छत बंद करू नका. गळला तर सगळा परत फोडायला लागेल."

हे काय म्हणतायत, असं एमानबाईंनी विचारलं.

"ही सेज नो प्रॉब्लेम," मॅडम म्हणाल्या. "रेडी बाय मंडे, इन्शाल्ला."

एवढं इंग्रजी हारुनभाईंना कळत होतं. पण आपल्या माणसाला मालकासमोर खोटं कसं पाडायचं? ते गप्प राहिले.

छत बंद झालं. सोमवारी फुगे लागले, खजूर वाटले, नटूनथटून पिल्लं आली. आणि गाणं सुरू असतानाच छतातून धार लागली. एक चिमुरडी घसरून आपटली, तिने भोकाड पसरलं. मॅडम मला डोक्यावर चढवून धावल्या. एमानबाईंनी हारुनभाईंकडे बोट दाखवलं. "ही नेव्हर टोल्ड यू? खलास. सेंड हिम होम."

मॅडमनी मान डोलावली.

मित्रांनो, त्यांच्या डोक्यावर मी होते. मान डोलली तशी मीही डोलले, सगळ्यांच्या देखत. हारुनभाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पाना घेऊन पाणी बंद करायला गेले. मला कुणीतरी परत साच्यात वितळवावं, असं झालं मला.

मॅडम जिन्यात जाऊन बसल्या. मला मांडीवर घेतलं. मग मला पायरीवरच ठेवून त्या आत एमानबाईंकडे गेल्या. दार उघडं होतं.

"ही टोल्ड मी," त्या म्हणाल्या. "आय डिडन्ट टेल यू. सेंड मी होम."

हारुनभाईंची नोकरी राहिली. मॅडमना मात्र पुढचं प्रोजेक्ट मिळालं नाही. आता मी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर धूळ खात असते. "ममा, व्हाय आर वी कीपिंग धिस?" असं त्यांची मुलगी अस्मिता विचारते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असं नाही म्हणत मी. पण उद्या तुमच्या डोक्यावर पांढरा रंग आला, तर वाईट बातमी वेळेवर सांगा, आणि तुमच्या भरवशावर गप्प बसलेल्या माणसाला सांभाळा. मॅडमनी खोट्याला मान डोलावली तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर होते. त्या खरं बोलल्या, तेव्हा मी बाहेर पायरीवर.