बाराव्याचं अमल

"सोड मला! हाडं कुजली माझी, सोड!"

खेतारामने लाथ झाडली. ती त्याच्या बायकोच्या, धापूच्या खांद्यावर बसली. तिने त्याचे पाय पुन्हा मांडीवर ओढले आणि दाबत राहिली.

अफू सोडून चार-पाच दिवस झाले होते. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, अंगभर काटा. जोधपूरच्या डॉक्टरणीच्या गोळ्यांनी कळ जेमतेम बोथट होई. पोरवयात तो खाणीत दगड फोडायला लागला, तेव्हा मुकादम रोज सकाळी चहाबरोबर हरभऱ्याएवढी गोळी हातावर ठेवी. मग ऊन लागत नसे. आता चाळिशी उलटली होती आणि हातात कपसुद्धा ठरत नव्हता.

आज त्याच्या बापाचा बारावा. अंगणात सतरंज्यांवर बिरादरी जमली होती. थोरले काका रूघारामजी मांडीवर पागोटं घेऊन बसले होते. बापामागे घराचा कर्ता म्हणून ते खेतारामच्या डोक्याला बांधायचं. पण आधी अमल. अफूचं गाळलेलं पाणी तळहातावरून पाजल्याशिवाय इथे ना लग्न लागतं, ना मयत उरकते.

खेताराम भिंत धरत बाहेर आला. काकांनी भरला तळहात त्याच्या तोंडापाशी नेला.

"घे. बापाच्या नावाचं आहे."

"काकोसा, सोडलंय मी."

"सोडलंय म्हणे! तुझा बाप जन्मभर प्यायला. मेला का त्याने?"

"त्यानेच गेले," दारातून घुंगटाआडून धापू म्हणाली. "आतडी अडकून गेले. खांदा तुम्हीच दिलात."

"बिंदणी, सुनेनं मध्ये बोलायचं नाही, आत हो! खेत्या, तुझ्या घरात आता बायका बोलतात होय रे?"

हशा पिकला. तो कडू वास खेतारामच्या नाकात शिरला. ओठ आपसूक उघडले.

"बघा, आलं वासरू आचळाला," मागून कुणीतरी म्हणालं.

खेतारामने काकांचं मनगट पिरगळलं. पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"मुकादम चारतो, तुम्ही पाजता!" तो ओरडला. "लग्नाच्या नावाने पाजता, मढ्याच्या नावाने पाजता! आणि मी गुरासारखा हंबरतो, तेव्हा कोण येतं रे माझ्या दारात?"

काका उठले. पागोटं बगलेत मारून फाटकाबाहेर पडले. त्यांच्यामागे एकेक करत सगळे.

खेताराम तिथेच ओणवा होऊन ओकला. धापूने पाणी दिलं.

"बोडकाच राहिलो," दातांवर दात आपटत तो म्हणाला. "पागोटं घेऊन गेला थेरडा. थांब, आणतोच."

तो दोन पावलं गेला आणि गुडघ्यांवर कोसळला. बराच वेळ हाताने माती कुटत राहिला. मग बसल्या जागीच त्याने रिकाम्या सतरंजीचं टोक ओढलं आणि ती गुंडाळायला घेतली.

धापूने दुसरं टोक धरलं.