दोन शेपटांचा किडा

शिरपूरच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक देवचंद गुरुजी दर रविवारी अनेर नदीवर मासे धरायला जात. गळाला आमिष लावत नसत. कोंबडीच्या पिसाची खोटी माशी बांधून ती पाण्यावर तरंगत सोडायची, ही रीत त्यांनी भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डकडून उचलली होती. पण डोहातले मासे मधूनच वर येत आणि त्या माशीकडे ढुंकूनही बघत नसत.

तीन हिवाळे असेच गेले. शेवटी १९८८च्या माघात गुरुजींनी पाण्यावरचा एक किडा काडेपेटीत घालून आणला आणि शाळेच्या भिंगाखाली धरला. ज्वारीच्या दाण्याएवढं अंग, शिडासारखे उभे धुरकट पंख, पंखांची मागची जोडी नाहीच, शेपटाला दोन केस. दिवस बुडताना पाण्यातून निघालेला हा किडा उडण्याआधी क्षणभर पाण्यावर टेकतो, आणि त्याच्यासाठीच सगळे मासे वर जमतात. त्यांनी राखी पिसाची तशीच माशी बांधली. पुढच्याच रविवारी तीन मासे लागले. तिन्ही त्यांनी सोडून दिले.

ती माशी आणि मासे जमण्याची वेळ त्यांनी फक्त अभिमनला दाखवली. अभिमन दवाखान्यात कंपाउंडर, पंधरा वर्षांचा दोस्त.

"कुणाजवळ बोलू नको."

"गळ्याशपथ," अभिमन म्हणाला.

आठच दिवसांनी डोहात मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. त्या डोहावर जगणारा हिलाल आबा भोई काठावर बसला होता.

"बठ्ठं सरी गयं, गुरुजी. सडकना ठेकेदारना मानसं उनथात. मासा वर जमताच पानीमा सुरुंगना बार उडाया. त्यासले येळ कोनी सांगी?"

गुरुजींनी सायकल थेट अभिमनच्या दारात नेली.

"मासेच ना ते?" अभिमन म्हणाला. "तू तर धरून सोडूनच देतोस. त्या बदल्यात ठेकेदार माझ्या मेहुण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटवतोय."

"मला विचारायचं तरी!"

"तू हो म्हणाला असतास?"

अभिमनच्या बायकोनं, लताबाईनं, तळलेल्या माशाच्या तुकड्यांची ताटली पुढे ठेवली. गुरुजी उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिलाल आबाला सांगितलं, "वेळ मीच दाखवली होती, आबा. दोस्ताला."  आबानं जाळं खांद्यावर टाकलं आणि तो तापीच्या वाटेला लागला.

तिथून गुरुजी पोलीस ठाण्यात गेले आणि तक्रार लिहायला बसले. ठेकेदाराला वेळ सांगणाऱ्याच्या नावाशी आल्यावर त्यांचा हात अडला. मग त्यांनी अभिमनचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.